चारशे सतरा, डावी बाजू

३ तारीख, मंगळवार

आज सकाळी सव्वाअकरा वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ अचूक आहे. पशुपालक संघाच्या कचेरीतलं घड्याळ तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर टांगलेलं आहे, आणि तिच्याकडे सरळ बघणं बरं दिसेना म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो.

झालं ते असं. मामा या संघाचा चिटणीस. संघाच्या नव्या सभागृहात भिंतीवर लावायला अध्यक्षांच्या पहिल्या नंबरच्या गाईचं मोठं तैलचित्र हवं आहे, मागे आपले डोंगर. मामाने माझं नाव पुढे केलं. "घरी बसून छताकडे बघतोस, त्यापेक्षा गाईकडे बघ," इति मामा. मी म्हटलं, मी गाईम्हशींचा चित्रकार नाही. तो म्हणाला, "तू सध्या कशाचाच काही नाहीस." यावर मी ताट सारून उठणार होतो, पण आईने नेमकी तेव्हाच गरम भाजी वाढली. मग गेलो कचेरीत.

दार उघडलं तसा डोंगरावरचा वारा माझ्याबरोबर आत घुसला. टेबलावरचे शंभरेक कागद उडाले. कागदांच्या त्या पांढऱ्या थव्यातून एक मुलगी उठून उभी राहिली. हातात टाक, नाकावर शाईचा ठिपका.

"दार," ती म्हणाली.

मी दार लावलं.

"उजवी की डावी?"

"काय?"

"गाईची कुठली बाजू नोंदवायचीय?"

"मी चित्रकार आहे," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा मान वर केली. "मग खाली वाकता येत असेल. ते कागद उचला."

असं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. म्हणजे बोललं होतं, पण इतक्या मऊ आवाजात नाही. मी गुडघ्यांवर बसून एकशे चार कागद उचलले. बाहेर पडताना दार उघडंच राहिलं असावं, कारण रस्त्यावर येईपर्यंत मागून पुन्हा तोच शब्द ऐकू आला. मी वळून पाहिलं नाही. तो शब्द तसाच कानात ठेवून घरी आलो.

४ तारीख, बुधवार

ती नोंदणी कारकून आहे. संघातल्या सगळ्या गाई बांड्या, पांढऱ्यावर काळे डाग, आणि कुठल्याही दोन गाईंचे डाग सारखे नसतात. तिच्याकडे छापील कागद असतात, त्यांना तक्ते म्हणतात. त्यांवर गाईची नुसती बाह्यरेषा, एक उजवी, एक डावी. ती गोठ्यात जाऊन डाग बघते, मोजते आणि तक्त्यात शाईने भरते. दिवसाला बारा गाई. भिंतीवर संघाची नियमावली टांगली आहे. नियम नववा: वाद झाल्यास तक्त्याप्रमाणे ज्याचे डाग, त्याची गाय. नियम दहावा: तक्ता मालकाखेरीज कुणासही दाखवू नये.

येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ताई म्हणतो. मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही.

केवढं हे नशीब. एक संवेदनशील मन, आणि त्याला दिवसभर छापील गाई रंगवायला बसवलंय. मी तिला म्हटलं, "तुमचा जीव घुसमटत नाही?" ती म्हणाली, "टर्पेंटाइनच्या वासाने घुसमटतो. ती बाटली बाहेर ठेवा."

६ तारीख, शुक्रवार

आज चारशे सतराची भेट झाली. गाईला नाव नाही, नंबर आहे. अध्यक्षांचा गोठा आमच्या घरापेक्षा स्वच्छ. त्यांनी स्वतः तिची शेपूट विंचरून ठेवली होती.

"पाठ बघा," अध्यक्ष म्हणाले. "पाटासारखी. आणि खूर बघा खूर. सलग तीन वर्षं पहिला नंबर, खुरांना दहापैकी दहा."

परीक्षक कोण, असं मी येताना मामाला विचारलं. "अध्यक्षांचे साडू," मामा म्हणाला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

अटी तीन. डावी बाजू काढायची, कारण उजवीकडे व्रण आहे. डाग जसेच्या तसे. चारही खूर दिसले पाहिजेत. बावीस तारखेला, रविवारी, सभागृहाचं उद्घाटन.

डाग अगदीच सुमार आहेत. मानेवर एक, पोटावर एक, पुठ्ठ्यावर एक. कुणाच्या हातून शाई सांडावी आणि त्याने पुसायचा कंटाळा करावा, तसे. जसंच्या तसं दाखवायला आरसा असतो, चित्रकार नव्हे. पण मला छळतेय ती तिसरीच अट. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: मला खूर जमत नाहीत.

चित्रकलेच्या कॉलेजचं प्रकरण त्यातूनच झालं. पहिल्या वर्षाचे चार महिने उलटले होते. सरांनी माझा घोडा सगळ्या वर्गासमोर उंच धरला आणि विचारलं, "हा उभा आहे की पोहतोय?" गवत गुडघ्यापर्यंत होतं, पण ते चित्राची गरज म्हणून. वर्ग हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरांना सांगितलं की तुम्हाला चित्र दिसत नाही, पाय मोजता येतात फक्त. आणि बाहेर पडताना दार असं आपटलं की त्याची पितळी मूठ माझ्या हातात आली. ती अजून माझ्या टेबलावर आहे. माझ्या बंडाची एवढीच काय ती निशाणी. आई तिच्याखाली औषधांच्या चिठ्ठ्या ठेवते.

९ तारीख, सोमवार

चित्र कचेरीतच काढायचं ठरवलं. उत्तरेचा उजेड चांगला आहे, असं मामाला सांगितलं. उजेड खरंच उत्तरेचा आहे का, ते बघायला हवं.

ती माझ्याबद्दल विचारू लागली आहे. आधी म्हणाली, "कॉलेजात पहिल्या वर्षाला काय काय काढायला लावतात?" मग, "प्रवेशाला किती चित्रं द्यावी लागतात?" मी म्हटलं वीस. "मोठी की लहान? पेन्सिल चालते का? मुलाखतीत काय विचारतात?" मग वसतिगृह. खिडकीतून काय दिसतं, पाणी किती वाजता जातं. माझ्या आयुष्यातला प्रत्येक बारीकसारीक तपशील तिला हवा आहे. एक-दोनदा तर तिने लिहूनही घेतलं. प्रेमात पडलेलं माणूस दुसऱ्याचा भूतकाळ असाच चाचपून बघतं.

मी तिला घोड्याची गोष्ट सांगितली. खुरांचा भाग वगळून.

"म्हणजे दार आपटून निघून आलात," ती म्हणाली. "जागा सोडून."

"क्षणात."

तिने टाक खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं, त्याला आदर म्हणायला हरकत नसावी.

१२ तारीख, गुरुवार

आज तिने मला "तू" म्हटलं.

मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. पाणचक्कीवाल्या आजींच्या गाईचा तक्ता पुराच्या पाण्यात भिजला होता, म्हणून ती नवा भरत होती. या आजी म्हणजे संघाची कायमची डोकेदुखी, असं मामा म्हणतो. आपल्या गाईला दर वर्षी मुद्दाम दुसरा नंबर देतात, अशी त्यांची तक्रार, आणि ती त्या दर महिन्याला लेखी देतात. तक्त्यात काय होतं याकडे माझं लक्ष नव्हतं. मी तिचा हात बघत होतो. टाक खांद्यावरून निघाला, पालथ्या होडीसारखं वळण घेऊन पाठीपर्यंत गेला. मग होडीच्या मागे एक थेंब, आणि त्याच्याखाली दुसरा, जरा मोठा. पोटाला काही नाही. मग पुठ्ठ्यावर करवतीसारखी एक कड, तिचे दात तिने मोजून काढले, सात. चुकूनही रेष हलली नाही. किती सुंदर मनगट.

"तू जरा बाजूला हो," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

आपली माणसं अशीच बोलतात. परक्याला कुणी बाजूला हो म्हणत नाही, त्याच्यापासून स्वतः बाजूला होतात.

घरी येऊन आईला म्हटलं, मी कदाचित इथेच स्थायिक होईन. आई म्हणाली, "इथेच तर आहेस सकाळपासून रात्रीपर्यंत, अजून किती स्थायिक होणार?"

१५ तारीख, रविवार

डोंगर झाले. कचेरीच्या खिडकीतून तीन शिखरं दिसतात. तीन शिखरं म्हणजे काहीच नव्हे, कुठल्याही कॅलेंडरवर असतात. मी चौथं घातलं, उजवीकडे, जरा वाकलेलं, एकाकी. त्यात मी आहे. बघणाऱ्याला कळेल.

आणि आज जे झालं, त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. दुपारी चारशे सतराच्या त्या तीन सुमार डागांसमोर ब्रश घेऊन बसलो होतो. हात उठेना. खुर्चीतच डुलकी लागली. जागा झालो तो डोळ्यांपुढे एक आकार लख्ख उभा. पालथी होडी. तिच्यामागे दोन थेंब, वरचा लहान, खालचा मोठा. कुठून आला, कोण जाणे. मी झपाटल्यासारखा रंगवत सुटलो. पुठ्ठ्यावर ब्रश आपोआप करवतीसारखा चालला. चार वाजता भानावर आलो तेव्हा समोर गाय नव्हती, एक दर्शन होतं.

प्रतिभा म्हणतात ती हीच. कॉलेजात हे शिकवत नाहीत. शिकवता येतच नाही.

अध्यक्षांची दुसरी अट मोडली, हे खरं. पण एकदा हे डाग पाहिल्यावर ते जुने डाग विसरतील. चित्रावर कापड टाकून ठेवलं आहे. उद्घाटनापर्यंत कुणाला दाखवणार नाही, तिलाही नाही.

१७ तारीख, मंगळवार

खूर राहिलेत. सकाळी गवत घातलं, घोट्यापर्यंत. मामाने कापडाची खालची कड वर करून फक्त तेवढं पाहिलं आणि म्हणाला, "अध्यक्ष गवतासकट परत पाठवतील. एक तर तुला, नाही तर मला." गवत खरवडलं. दुपारी खूर काढले. चार बटाटे दिसत होते. संध्याकाळी पुन्हा काढले. आता चार बूट.

ती टेबल आवरत होती. मी काही म्हणालो नव्हतो, पण मी बहुधा ब्रश भिंतीवर फेकला होता.

"काय जमत नाहीये?"

"सगळं जमतंय."

तिने रद्दी तक्ता उलटा केला, चार रेषा ओढल्या, आणि कागदावर खूर उभा राहिला. ओझं पेलणारा, चिखलात किंचित रुतलेला. "दोन नखं असतात," ती म्हणाली, "मधे फट. तू एकच जोडा घालतोस तिला. आणि वजन मागच्या बाजूला जातं. कधी गाईच्या पायाशी बसून बघितलंयस?"

मी चित्रकलेत माणसाने पायाशी बसावं की नाही यावर दोन वाक्यं बोललो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "उरलेले तीन काढून देऊ का?"

फक्त आधार म्हणून घेतले. ते मी कॅनव्हासवर ठेवून गिरवले. याला सहकार्य म्हणतात.

जाताना ती म्हणाली, "चित्र एकदा लागलं की मला तुला एक विचारायचंय. संकोच वाटतो, पण तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं उतरवलं आहे. जसंच्या तसं लिहिण्यासारखं या महिन्यात एवढंच घडलं.

२२ तारीख, रविवार

सभागृह खचाखच. शंभर-सव्वाशे पशुपालक, सगळे पॉलिश केलेल्या बुटांत अवघडलेले. अध्यक्षांनी दोरी ओढली. कापड खाली पडलं.

पहिले काही क्षण शांतता होती. मी ती आयुष्यभर विसरणार नाही. कलाकृतीपुढे माणसं अशीच गप्प होतात.

मग मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "अरे, ही तर पाणचक्कीवाल्या आजींची."

"कोण आजी?"

"अहो, तीनशे अठ्ठ्याऐंशी. होडी बघा ना खांद्यावरची."

"दोन थेंब आहेत की."

"करवतीचे दात मोज. पाच, सहा, सात. तीच."

शंभर माणसं एकदम बोलू लागली. डोंगराकडे एकानेही पाहिलं नाही. आकाशाला मी सहा दिवस दिले होते. ही माणसं रस्त्यात सख्ख्या भावाला ओळखणार नाहीत, पण डाग लांबून वाचतात. एका म्हाताऱ्याने चष्मा लावून चित्राच्या खालच्या बाजूला नाक नेलं आणि म्हणाला, "खूर मात्र झकास जमलेत. कुणी काढलेत?"

"मीच," मी म्हटलं.

त्या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

पाणचक्कीवाल्या आजी काठी टेकत पुढे आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या. तीन वर्षं दुसऱ्या नंबरवर राहिलेली आपली गाय सभागृहाच्या मधोमध, सोनेरी चौकटीत बघून त्यांनी नाक पुसलं आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "उशिरा का होईना, तुम्हाला कळलं."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर चारशे सतराच्या डागांसारखे डाग उमटले. ते माझ्याकडे वळलेच नाहीत. थेट तिच्यापाशी गेले. "तक्ता बाहेर गेलाच कसा?" ते म्हणाले. "तो तुमच्या कुलपात असतो. हे या आजीबाईंनी आणि तुम्ही मिळून केलंय. गुरुवारी समितीपुढे या."

मी ओरडलो की हे डाग मला सुचलेत. माझ्या आत आले. कुणीही मला काही दाखवलेलं नाही. मामाने दंडाला धरून मला बाहेर नेलं. "सुचलेत," तो म्हणाला. "सात दात सुचलेत तुला, मोजून."

घरी येऊन मी बराच वेळ मागची पानं चाळत बसलो. बारा तारीख. पंधरा तारीख. पुन्हा बारा तारीख.

२३ तारीख, सोमवार

कचेरीत गेलो. ती तक्ते भरत होती. मी म्हटलं, "तुला काहीतरी विचारायचं होतं ना. विचार."

"आता काय उपयोग?" तिने खण उघडला. आत चित्रांची चळत होती. गाई, वासरं, गोठ्याचं दार, पाणचक्कीवाल्या आजी काठीवर हनुवटी टेकून, मामा चहा ढवळताना. मी वाकून कागद उचलताना, पाठमोरा. वीस होती. मी मोजली. सगळ्यांत वर माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज होता, निळ्या शाईने भरलेला.

"तुझा चित्र काढायचा मोठा बोर्ड मागणार होते," ती म्हणाली. "मुलाखतीला लागतो ना, तूच सांगितलंस. आणि नोकरी करणाऱ्यांना कचेरीचा वर्तणुकीचा दाखला जोडावा लागतो. तुझा मामा या आठवड्यात देणार होता. आता समितीने शेरा मारला की संपलं."

"म्हणजे ते सगळे प्रश्न," मी म्हटलं. "वसतिगृहाचं पाणी."

"सहाला जातं म्हणालास."

"म्हणजे तू माझ्यासाठी नाही विचारलंस काही."

तिला खरंच आश्चर्य वाटलं. "तुझ्यासाठी कशाला विचारू? तुला तर माहितीच होतं की सगळं," ती म्हणाली.

मी बाहेर पडलो. दार आपटलं. मूठ हातात आली नाही, या दाराला साधी कडी आहे.

२४ तारीख, मंगळवार

बोर्ड देणार नाही. माझ्या भावनांचा तिने तक्ता भरला, उजवी आणि डावी. गुरुवारी समितीपुढे जाईन तेव्हा एवढंच म्हणेन की मला काही माहीत नाही, मला सुचलं. ते खरंच आहे. सुचतं म्हणजे कुठून तरी येतंच. कुठून आलं हे सांगायला मी बांधील नाही.

कॉलेजात पुन्हा कधी कुणी माझं नाव काढलं, तर ते "नक्कल करणारा" म्हणून निघणार नाही, एवढं मी बघेन.

(संध्याकाळी.) आई खोली झाडत होती. तक्त्याच्या मागे काढलेला तो पहिला खूर तिला टेबलाखाली सापडला. उजेडात धरून बघत म्हणाली, "हा छान आहे रे. हे तू कधीपासून काढायला लागलास?"

मी तो तिच्या हातून घेऊन मुठीखाली ठेवला. रात्री जेवलो नाही.

२६ तारीख, गुरुवार

समितीत सात जण. लांब टेबल, मधे पाण्याचा जग. चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्याच्या शेजारी पुरावा म्हणून तीनशे अठ्ठ्याऐंशीचा तक्ता. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. पाणचक्कीवाल्या आजी बोलावल्याशिवाय आल्या होत्या.

अध्यक्षांनी विचारलं, "तक्ता तुला कुणी दाखवला?"

मी ठरवून आणलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मग माझी नजर चित्रातल्या खुरांवर गेली. त्या सबंध चित्रात जमिनीवर उभी असलेली तेवढीच एक गोष्ट होती.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी तिच्या मागे उभा राहून बघितला. तिला बघत होतो खरं तर, तक्ता मधे आला. तिने मला बाजूला हो म्हणून सांगितलं होतं. तीन दिवसांनी तेच डाग मी काढले आणि मला सुचले असं वाटलं."

"म्हणजे नक्कल केलीस."

"हो. नक्कल करतोय हेही मला कळलं नाही. आणि खूरही तिचे आहेत. मी गिरवले. मला खूर येत नाहीत, त्यावरूनच मी कॉलेज सोडलं."

मामा पाणी पीत होता, त्याला ठसका लागला.

"मग यात तुझं काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मी चित्राकडे नीट बघितलं. "चौथं शिखर," मी म्हटलं. "ते मात्र पूर्णपणे माझं आहे."

"मी तेच विचारणार होतो," समितीतला एक जण म्हणाला. "त्या शिखरावर चराई कुणाची? आमच्या उताराला लागून दाखवलंय ते."

यावर बराच वेळ गेला. सात जणांत पाच हक्कदार निघाले. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात आपटून सांगितलं की डाग खरवडून त्यांवर चारशे सतराचे काढायचे आणि विषय संपवायचा.

"माझ्या गाईला हात लावायचा नाही," पाणचक्कीवाल्या आजी म्हणाल्या.

"आजी, हे चित्र आहे. गाय गोठ्यात आहे तुमच्या."

"नियम नववा वाचा की," आजी म्हणाल्या. "तक्त्याप्रमाणे ज्याचे डाग, त्याची गाय. चित्रातली की गोठ्यातली, असं काही लिहिलेलं नाही त्यात. वाद झालाय. तक्ता हा पडलाय. वाचा."

मामाने नियमावली भिंतीवरून काढून आणली. सातही जणांनी आळीपाळीने वाचली. नियम अध्यक्षांनी स्वतःच केलेला होता, दुसऱ्याची कालवड बळकावताना. तो मोडला तर ती कालवड परत द्यावी लागली असती, आणि ती कालवड म्हणजे चारशे सतरा. हे मला मामाने नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की अध्यक्ष खाली बसले.

आजींनी चित्र बैलगाडीत घालून नेलं. गोठ्यात लावणार आहेत, गाईसमोर, म्हणजे तिला समजेल म्हणे. सभागृहाच्या भिंतीवर सोनेरी चौकटीसाठी ठोकलेले चार खिळे तेवढे राहिलेत. दाखल्यावर मामाने तिथल्या तिथे सही केली. शेरा मारायला कुणाला काही सुचेना.

ती दारात थांबली होती. "तू उगाच सगळं सांगितलंस," ती म्हणाली. "डागांचं सांगितलं असतंस तरी पुरलं असतं. खुरांचं कशाला?"

"त्यांचीच स्तुती झाली होती," मी म्हटलं.

संध्याकाळी तिच्या घरी बोर्ड पोचवला. आत गेलो नाही.

१४ तारीख, सोमवार

अठरा दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज सकाळी कचेरीत तिला कॉलेजचं पत्र आलं. तिने उभ्याउभ्याच वाचून दाखवलं: मुलाखत समाधानकारक, पहिल्या वर्षात एक जागा सत्राच्या मध्येच रिकामी झाल्याने आपणांस प्रवेश देण्यात येत आहे. मग ती थांबली. मी खिडकीतून शिखरं मोजत होतो. तीनच आहेत.

"तुला राग आला?" तिने विचारलं.

"थोडा. जाईल."

उद्याच हजर व्हायचं होतं, तिची बस दोन वाजता होती. मला तिला बरंच काही म्हणायचं होतं, तीन पानं लिहून खिशात ठेवली होती. त्याऐवजी खिशातून मूठ काढली आणि तिच्या हातात दिली. पितळी, जड, आईने घासून लख्ख केलेली.

"हे काय?"

"पहिला मजला, डावीकडचा वर्ग. दाराला मूठ नसेल. शिपायाला सांग, स्क्रू आतून आहेत."

ती हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन. मूठ तिने रुमालात गुंडाळून पिशवीत चित्रांच्या वर ठेवली. जाताना म्हणाली, "पत्र लिही. आणि खूर काढून पाठव, दर आठवड्याला एक. सुधारून परत पाठवीन."

हे वाक्यही मी जसंच्या तसं लिहिलं आहे. याचा अर्थ मात्र लावत बसलेलो नाही.

बस गेल्यावर मामा तिच्या टेबलाशी उभा. एकशे एकोणीस तक्ते पडले होते, पुढच्या महिन्यात तपासणी. मामाने टाक माझ्याकडे सरकवला. तेवढ्यात पाणचक्कीवाल्या आजींचा निरोप आला, तीनशे अठ्ठ्याऐंशीला वासरू झालंय, नोंदवून घ्या, आणि त्या चित्रकाराला पाठवा, त्याला माझा गोठा बघू दे, चित्र कसं लागलंय ते.

"उजवी की डावी?" मी मामाला विचारलं.

"दोन्ही. आणि पायाशी बसून काढ. लांबून नको."

मी दोन कोरे तक्ते घेतले, टाक घेतला, टर्पेंटाइन तसंच बाहेर राहू दिलं. उंबऱ्यावर पोचलो तोच वारा आत शिरला. मागे कागदांची सळसळ झाली आणि मामाने तोंड उघडलं.

"माहितीय," मी म्हटलं, बाहेर पडलो, आणि दार हळूच ओढून कडी लावून घेतली.